केरबाची फुली

खैरमाळ नावाच्या गावात केरबा नावाचा एक कारागीर राहत होता. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की लोक ती बैलगाडीत घालून त्याच्या दारी आणत. तो ती खोलायचा, जळकी तार उपसून काढायचा आणि तांब्याची नवी तार भरून द्यायचा. बोलणं कमी, पण हात चोख. त्याने ‘झालं’ म्हटलं की झालं. ‘नाही व्हायचं’ म्हटलं की मालक दुसऱ्या कुणाकडे न जाता मोटर भंगारात घालायचा. केरबाच्या शब्दाला गावात एवढं वजन होतं.

गावात विजेचे खांब होते, तारा होत्या, घरोघर मीटरही होते. नव्हती ती फक्त वीज. ती पाहुणीसारखी यायची आणि चहा व्हायच्या आत निघून जायची.

गावापासून दोन कोसांवरच्या माळावर सोलरचा मोठा प्रकल्प होता. नजर पोहोचेल तिथवर काचेच्या निळ्या प्लेटा उन्हाकडे तोंड करून उभ्या असत. तिथली वीज खैरमाळच्या डोक्यावरून कुठेतरी दूर जायची. एका वर्षी तिथे लिंबाएवढ्या गारा पडल्या. प्रकल्पवाल्यांनी रांगाच्या रांगा उतरवून नव्या प्लेटा बसवल्या. उतरवलेल्या तालुक्याच्या भंगार बाजारात जाऊन पडल्या. कित्येक फुटलेल्या होत्या, पण कित्येकींना ओरखडासुद्धा नव्हता.

केरबा तांब्याची तार आणायला त्या बाजारात गेला होता. त्याने ढिगातली एक प्लेट उन्हात धरली, पिशवीतल्या तपासणीच्या मीटरच्या दोन तारा लावल्या. काटा सरसर वर गेला.

“अजून जीव आहे हिच्यात,” तो भंगारवाल्याला म्हणाला, “आणि तुम्ही हिला मेलेल्यांत टाकलीय.”

तेव्हापासून केरबा तिथल्या प्लेटा पारखून आणू लागला. त्याची पारख मोठी कसोशीची असे. प्रत्येक प्लेट तो भर दुपारी तासभर उन्हात ठेवायचा, मग तिच्या काचेवरून तळहात फिरवायचा. कुठे एकाच जागी जास्त चटका लागतो का ते बघायचा. पाठीमागची तारांची डबी उघडून जळल्याचा वास येतो का ते हुंगायचा. प्लेट चांगली निघाली तर खडूने तिच्यावर तिची ताकद लिहायचा. बारा आणे, दहा आणे, आठ आणे. सोळा आणे असं त्याने कधीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणायचा, “जुनी आहे. जुनीला नवी म्हणू नये आणि मेलेलीही म्हणू नये.”

एखादीची डबी आतून जळलेली असली किंवा काचेखाली तपकिरी डाग पडलेला असला, तर तो खिळा घ्यायचा आणि चौकटीच्या आतल्या बाजूला फुली कोरायचा. फुली म्हणजे ही प्लेट कुणाच्या घरावर चढवायची नाही. तसल्या प्लेटा तो तिथेच ढिगावर परत ठेवायचा. केरबाच्या या फुलीची गोष्ट गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होती.

केरबाकडून पहिली प्लेट घेतली ती सगुणामावशीने. ती एकटीच राहायची आणि शिवणकाम करायची. लग्नसराईत आसपासच्या चार गावांची पोलकी तिच्याच मशीनवर शिवून होत. पण तिचे गुडघे गेले होते. पायाने मशीन मारवेना, म्हणून तिने मशीनला छोटी मोटर बसवून घेतली होती, आणि विजेअभावी ती मोटर नुसती शोभेला होती.

“मोटर चालेल, मावशी,” केरबाने तिला सांगितलं. “पण अकरा ते तीन. ऊन कललं की ही दमणार. दहा आण्यांची आहे.”

“मी तरी आता कुठे सोळा आण्यांची राहिलेय!” मावशी म्हणाली. “बसव.”

वर्षभरात तीस घरांवर केरबाच्या प्लेटा चढल्या. कुठे दोन दिवे आणि पंखा, कुठे नुसते दिवे. त्याने जेवढं सांगितलं तेवढं त्या देत. जास्त नाही आणि कमीही नाही.

मग गावात दिगंबरशेट आला. त्याने ग्रामपंचायतीसमोरचा गाळा घेतला, दारावर झेंडूची तोरणं बांधली आणि भली मोठी पाटी लावली, ‘अस्सल नवे सोलर’. दुकान उघडायला सरपंच आनंदराव आले. गाव जमलं. पेढे वाटले. सरपंचांना माईक मिळाला की राहवत नसे. ते म्हणाले, “प्रकल्पवाल्यांनी वापरून टाकलेल्या प्लेटा आपण घरावर लावायच्या? म्हणजे त्यांनी जेवायचं आणि आपण पत्रावळी चाटायच्या? खैरमाळने आता उष्टं ऊन खायचं बंद करावं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक पोट धरून हसले. केरबा गर्दीच्या कडेला उभा होता. हसणारे त्याने पाहिले. त्यात सगुणामावशीही होती. तोंडाला पदर लावून ती हसली होती. सगळे हसले म्हणून हसली असेल, किंवा ते ‘उष्टं ऊन’ ऐकून नकळत हसू फुटलं असेल. केरबाला तेवढा विचार करायला सवड नव्हती. एवढ्या हसणाऱ्यांत त्याच्या डोळ्यांत राहिली ती फक्त तीच.

त्याने हातातला पेढा शेजारच्या ओट्यावर ठेवला आणि तो घरी गेला.

पुढच्या आठवड्यात लोकांनी त्याच्या प्लेटा उतरवायला सुरुवात केली. नीट चालणाऱ्या, दिवा देणाऱ्या प्लेटा. आणून त्याच्या दारात टेकवून ठेवत आणि तोंड चुकवून निघून जात. कुणी म्हणे, पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, घरावर जुनं बरं दिसत नाही. कुणी काहीच म्हणत नसे. केरबाने एकेक प्लेट पुसली आणि भिंतीला लावली. पण आतून तो पेटत होता. त्याला वाटे, यांच्या घरात उजेड पडावा म्हणून मी भर उन्हात काचेवर हात भाजून घेतले, आणि हे मला पत्रावळी गोळा करणारा म्हणतात!

एके दिवशी तो सगुणामावशीच्या घरावरून चालला होता. तिच्या अंगणात शेटच्या माणसांनी दोन प्लेटा आणून भिंतीला उभ्या केल्या होत्या. बसवायला ते दुसऱ्या दिवशी येणार होते. प्लेटा झगमगत होत्या. चौकटीला चंदेरी रंग, पाठीला पांढरा रंग, वर सोनेरी अक्षरांची चिठ्ठी. कारागिराचाच डोळा तो, थांबल्याशिवाय राहवेना. अंगणात कुणी नव्हतं. केरबाने सहज चौकटीच्या आतून बोट फिरवलं.

बोट अडकलं. त्याने वाकून पाहिलं. ब्रश जिथवर पोहोचत नाही त्या कोपऱ्यात फुली होती. त्याच्याच खिळ्याची.

त्याने दुसरी प्लेट पाहिली. तिलाही फुली.

सगळा मामला त्याच्या लक्षात आला. त्याने टाकून दिलेला माल शेटने उचलला होता, रंगरंगोटी केली होती आणि ‘अस्सल नवा’ म्हणून गावाच्या गळ्यात बांधला होता. पहिल्या प्लेटची तर केरबाला आठवणसुद्धा होती. तिची डबी आतून कोळशासारखी काळी झाली होती.

त्याला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. बरं झालं, तो मनात म्हणाला. खा आता ताजं ऊन.

संध्याकाळच्या आत सगुणामावशी गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत त्याच्या दारी आली. दारातल्या उतरवलेल्या प्लेटांकडे तिने पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हणाली, “केरबा, लग्नसराई तोंडावर आली. शेट म्हणतो, दिवसभर मोटर चालेल. म्हणून घेतल्या. पण मला मेलीला काचेतलं काय कळतंय? तू एकदा नजर टाकशील का? तू बरं म्हणालास तर मी बसवून घेईन.”

एवढंच तिने विचारलं. केरबाला फक्त एक शब्द बोलायचा होता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पण त्याच वेळी त्याला तो पदर आणि ते हसू आठवलं.

“कोऱ्या मालाची पारख मला कशी असणार, मावशी?” तो म्हणाला. “मी उष्टं ऊन विकणारा. शेटला विचारा.”

मावशी थोडा वेळ उभी राहिली. तिला बहुधा काही बोलायचं होतं, माफी मागायची असेल. पण केरबाने मोटरीत मुंडी घातली होती. ती आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या पडवीवर, पाचटाच्या छपरावर, जुन्या प्लेटच्या जागी दोन्ही प्लेटा चढल्या. शेजारणीने विचारलं, “केरबाला दाखवल्यास का गं?”

“गेले होते त्याच्याकडे,” मावशी म्हणाली. “रागावलाय तो. पण वाईट असं काही म्हणाला नाही. मालात खोट असती, तर रागातसुद्धा बोलला असता. तो तसला माणूस नाही.”

हे बोलणं दुकानापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दिगंबरशेट गिऱ्हाइकाला सांगू लागला, “अहो, केरबासुद्धा काही वाईट बोलला नाही! आता याहून मोठी खात्री कोणती हवी?” आणि ज्या लोकांचं अजून ठरत नव्हतं, त्यांनीही प्लेटा घेतल्या.

केरबाच्या कानावर हे आलं. अजूनही वेळ गेलेली नव्हती. चार पावलं चालून जायचं आणि चौकटीतली फुली दाखवायची, एवढंच काम होतं. पण तो स्वतःची समजूत घालत राहिला. काय होईल फार तर? दिवे मंद होतील. मोटर अडखळेल. मग हेच लोक माना खाली घालून माझ्या दारी येतील. तेव्हा सांगेन. त्याला ते दृश्य दिसे आणि गोड वाटे. जळक्या डबीचा विचार मनात आला की तो दुसरं काम काढून बसे.

चैत्र संपत आला. ऊन असं की दगड तडकावेत. भर बाराला केरबा मोटर भरत बसला होता, तेव्हा आरडाओरडा कानावर आला. त्याने बाहेर येऊन पाहिलं. घरांच्या वरून काळा धूर चढत होता. कुणी सांगायच्या आधीच त्याला कळलं की धूर कोणत्या छपराचा आहे.

त्याने दारातली ताडपत्री ओढली आणि तो धावत सुटला.

मावशीच्या पडवीवर प्लेटच्या पाठीतून निळ्या ठिणग्या उडत होत्या आणि पाचट धडाडून पेटलं होतं. लोकांनी घरातली कळ बंद केली होती, तरी ठिणग्या थांबत नव्हत्या. घरातली कळ दाबून आकाशातलं ऊन थोडंच बंद होतं? एकजण पाण्याची घागर घेऊन पुढे झाला.

“पाणी नको! आधी काच झाका!” केरबा ओरडला. तो भिंतीवर चढला आणि त्याने दोन्ही प्लेटांवर ताडपत्री लोटली. ठिणग्या थांबल्या. मग लोकांनी पाणी मारलं. पण तोवर छप्पर मशीनवर कोसळलं होतं.

मावशी आग लागताच बाहेर आली होती. तिचा जीव सुखरूप होता. पण आत एका नवरीची पोलकी होती, दुसऱ्याच्या घरचं कापड. “लोकांचं आहे ते,” म्हणत ती त्या धांदलीत परत आत शिरली. केरबाने आणि शेजाऱ्यांनी तिला ओढून बाहेर काढलं, तेव्हा तिच्या कवेत कापडाचं गाठोडं होतं. कापड वाचलं होतं. ज्या हातांनी तिने ते धरलं होतं, ते हात वाचले नव्हते.

तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दिगंबरशेटने त्याच दुपारी गाळ्याचं शटर ओढलं. तो पुन्हा खैरमाळला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर लोक जमले. घाबरलेल्या लोकांनी घराघरावरच्या प्लेटा उतरवून आणल्या होत्या. कुणीतरी एक उलटी केली आणि ओरडला. मग दुसरी, तिसरी. आत जिथेतिथे फुल्या.

सरपंच आनंदरावांनी ज्याचं दुकान उघडून दिलं तो पळाला होता. त्यांना कुणीतरी हवंच होतं. ते म्हणाले, “ही फुली केरबाची आहे. म्हणजे शेटला माल पुरवणारा हाच!”

“फुली माझीच आहे,” केरबा म्हणाला. “घरावर चढवू नये म्हणून मारलेली. मी हे सगळं भंगारात टाकून दिलं होतं. शेटने ते उचललं आणि रंगवलं. एकही प्लेट मी त्याला दिलेली नाही.”

लोकांना हे पटलं. केरबा खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक सरपंचांकडे रोखून पाहू लागले. तेवढ्यात सगुणामावशीचा म्हातारा दीर तात्याबा उठला. त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, “केरबा, तुला हे कधी कळलं?”

केरबाला खोटं बोलता आलं असतं. ‘आत्ताच’ म्हटलं असतं तर सुटला असता. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

“मावशीकडे बसवायच्या आदल्या दिवशी,” तो म्हणाला.

कुणी शिवी दिली नाही. कुणी अंगावर धावून आलं नाही. तात्याबा खाली बसला. एकेक माणूस उठून चालू लागला. सरपंचही मान वर करून निघून गेले. ते सुटले होते. पुढे लोकांनी शेटचं नाव काढणंही सोडून दिलं. लबाडाने लबाडी केली, याचं नवल कुणाला वाटणार? गावात बोलणं चाले ते केरबाविषयी.

दीड महिन्याने सगुणामावशी घरी आली. तिच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती. सुईत दोरा घालणं सोडा, तिला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. तात्याबाची सून तिला भरवत असे.

केरबा तिच्याकडे गेला. उंबऱ्यावर बसला. म्हणाला, “मावशी, मला माहीत होतं.”

“सांगितलं मला तात्याबांनी,” ती म्हणाली.

“तुम्ही त्या दिवशी हसला होतात. मला त्याचा राग होता.”

“हसले होते,” मावशी म्हणाली. “म्हणून तर तुझ्या दारी आले होते. माझं चुकलं म्हणणार होते. पण तू मान वर केली नाहीस.”

केरबा रडू लागला. “फसवलं ते शेटने, मावशी! मी काही…”

“शेट कोण मला?” ती म्हणाली. “त्याच्यावर माझा विश्वासच नव्हता. म्हणून तर तुला विचारायला आले होते.”

केरबा डोळे पुसून उठला.

त्याने मावशीच्या पडवीवर पत्रे घातले. आपल्याकडची सगळ्यात चांगली, बारा आण्यांची प्लेट तिथे बसवली, पंखा लावला. मावशीने नको म्हटलं नाही आणि बरं झालं असंही म्हटलं नाही. मशीन जळून गेलं होतं. ते असतं तरी आता चालवणार कोण होतं?

काळ गेला. वीज काही सुधारली नाही, तेव्हा गरजेपोटी लोक पुन्हा केरबाकडे येऊ लागले. त्याच्या दारातल्या जुन्या प्लेटा एकेक करून परत छपरांवर चढल्या. आता तो कुणी विचारायची वाट बघत नसे. कुणी दुसरीकडून काही आणलं की बोलावणं नसताना तिथे जायचा, डबी उघडायचा आणि खोट दिसली तर मोठ्याने सांगायचा. लोक हसले तरी सांगायचा, चिडले तरी सांगायचा.

सगुणामावशीच्या घरी तो दर आठवड्याला काच पुसायला जाई. ती त्याला बस म्हणे, चहा द्यायला सांगे, पाऊसपाण्याचं बोले. पण त्यानंतर ती सहा वर्षं जगली, आणि त्या सहा वर्षांत तिने केरबाला ‘हे बरं आहे का रे?’ असं एकदाही विचारलं नाही.

तात्पर्य: अपमानाच्या रागाने जाणत्याने खरं बोलायचं टाळलं, तर लबाडाच्या खोट्याला त्याच्याच नावाची साक्ष मिळते, आणि लबाडाने फसवलेलं माणूस विसरतं, पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचं गप्प राहणं विसरत नाही.